रात्री साडेबाराचा पाडवा

गुढीपाडव्याचा दिवस, साल २०२५, रविवार. श्रीखंडाचा डबा फ्रीजमधून बाहेर काढावा की आधी आणखी एक चहा व्हावा, या गहन प्रश्नात मी असतानाच फोन वाजला. वर्ध्याहून मावसभाऊ.

"दादा, लोकं मले शिव्या देऊन राहिले."

"सणासुदीला? कोण लोकं?"

"अमेरिकेतले. मी त शुभेच्छाच पाठवल्या न!"

आता हा माझा मावसभाऊ म्हणजे एकदम सरळ माणूस. इंजिनिअरिंग केलं, तीन वर्षं पुण्यात हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये काढली आणि एक दिवस बॅग भरून वर्ध्याला परत गेला. तिथे दोन खोल्यांत ऑनलाइन दुकान थाटलं. माल काय, तर सुती कुर्ते, ओढण्या आणि तान्ह्या बाळांसाठी मऊसूत दुपटी. सेवाग्राम ज्या जिल्ह्यात आहे, जिथे मगन संग्रहालय १९३८ पासून ग्रामोद्योगाचं महत्त्व सांगत उभं आहे, तिथे सुताचा धंदा करायचा नाही तर कुठे? वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये जीआय मिळालं, तेव्हा तीही विकायचं त्याच्या डोक्यात होतं. पण खायची वस्तू परदेशात पाठवायची तर कागदपत्रांचा डोंगर. म्हणून तूर्त कापडच.

तर या पठ्ठ्याचे अमेरिकेत ४३ ग्राहक. सगळी मराठी घरं. पाडव्याला गुढी उभारली, नैवेद्य दाखवला आणि बरोबर दहा वाजता, शुभ मुहूर्तावर, फोनमधल्या एका अॅपवरून ४३ जणांना एका झटक्यात एसेमेस सोडला. नव्या वर्षाच्या शुभेच्छा, नवा स्टॉक आला आहे, १५ टक्के सूट, आजच ऑर्डर करा.

वर्ध्यात दहा वाजले होते. न्यू जर्सीत रात्रीचे साडेबारा.

शिकागोत साडेअकरा. कॅलिफोर्नियात साडेनऊ. म्हणजे आपल्या नव्या वर्षाची शुभ सकाळ त्यांच्याकडे शनिवारच्या रात्री जाऊन थडकली. पाचच मिनिटांत उत्तरं यायला लागली. अकरा जणांनी एकच शब्द पाठवला. 'स्टॉप'.

"म्या विचार केला, काय थांबवू? गुढी?" मावसभाऊ म्हणाला.

मी हसलो. मग त्याने एक मेसेज वाचून दाखवला आणि हसू तिथेच थांबलं. एडिसनच्या एका ताईंचा होता. त्यांनी लिहिलं होतं, "दादा, माझी आई गावी एकटी राहते. मध्यरात्री फोनवर +९१ दिसलं की काळजात धस्स होतं. तुमची १५ टक्के सूट वाचून होईपर्यंत माझे हात थरथरत होते. पुन्हा मेसेज करू नका."

घरापासून लांब राहणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. अमेरिका कशाला, पुण्या-मुंबईत राहणाऱ्या आणि गावी आईवडील असणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाला ती धडधड माहीत आहे. रात्री अकरानंतर 'घर' असं नाव स्क्रीनवर चमकलं की फोन उचलायच्या आधीच आपण मनातल्या मनात बॅग भरून स्टेशन गाठलेलं असतं.

नंबर दिला म्हणजे होकार दिला?

मावसभावाचा बचाव अगदी साधा होता. "दादा, त्यांनीच त नंबर दिला होता."

दिला होता, कबूल. पण कशासाठी? पार्सल आलं तर कुरिअरवाल्याने फोन करावा म्हणून. दूधवाल्याला आपण घराची बेल दाबायची परवानगी देतो, याचा अर्थ त्याने मध्यरात्री बेल दाबून "नवीन तूप आलंय" असं सांगावं असा होत नाही.

आपणही हेच भोगतो. मॉलमध्ये एक मोजे घ्यायला जा, बिलिंग काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणते, "मोबाइल नंबर, सर?" आणि आपण गुणी बाळासारखे दहा आकडे सांगून मोकळे होतो. मग वर्षभर मोज्यांपासून गाद्यांपर्यंत सगळ्या सेलची आमंत्रणं. आपण कुरकुरतो, डिलीट करतो, विसरतो. अमेरिकेतला माणूस मात्र विसरेलच असं नाही. तो वकील गाठू शकतो.

एक गंमत सांगतो. जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेत एका सात वर्षांच्या मुलाच्या हातातल्या फोनवर मध्यरात्रीनंतर मेसेज आला. पुढचा फोन घ्याल तो तुमचा शेवटचा ठरू शकतो, अशा अर्थाचा! पोरगं घाबरलं. तो होता स्टीफन किंगच्या 'सेल' या कादंबरीचा प्रचार. सायमन अँड शूस्टर या प्रकाशन संस्थेच्या वतीने असे सुमारे ६०,००० मेसेज गेले होते. मुलाच्या आईने खटला भरला. कंपनीचं म्हणणं, बाईंनी एका वेबसाइटवरून फुकट रिंगटोन घेताना जाहिरातींना होकार दिला होता. (रिंगटोन! आठवतात ते दिवस?) २००९ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की एसेमेस हासुद्धा कायद्याच्या भाषेत 'कॉल'च. आणि रिंगटोनवाल्यांना आणि त्यांच्या भावंड कंपन्यांना दिलेला होकार पुस्तकवाल्यांना चालत नाही. पुढे प्रकरण १ कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटलं. एका भयकथेची जाहिरात, आणि भय कंपनीच्याच वाट्याला!

ज्या कायद्याखाली हे झालं तो १९९१चा टेलिफोन कन्झ्युमर प्रोटेक्शन अॅक्ट, म्हणजे टीसीपीए. गंमत म्हणजे तो आला तेव्हा एसेमेस जन्मालाही आला नव्हता. पहिला एसेमेस गेला डिसेंबर १९९२ मध्ये, इंग्लंडात, 'मेरी ख्रिसमस' एवढाच. पण कायदा मूळ त्रासाबद्दल होता, यंत्राबद्दल नव्हे. या कायद्यात बसलं तर प्रत्येक मेसेजमागे ५०० डॉलर नुकसानभरपाई मागता येते. मुद्दाम केल्याचं सिद्ध झालं तर १,५०० पर्यंत. मी मावसभावाला कॅल्क्युलेटर काढायला लावला. ४३ गुणिले ५००, बरोबर २१,५०० डॉलर. म्हणजे १८ लाख रुपयांच्या वर.

फोनवर बराच वेळ शांतता. मग, "दादा, सगळी दुपटी विकली तरी नाही येत एवढे."

घाबरवण्यात अर्थ नाही म्हणून लगेच सांगतो की प्रत्येक मेसेजवर असा दंड बसतोच असं नाही. मेसेज कोणत्या यंत्राने गेला, ग्राहकाशी आधीचा व्यवहार होता का, किती वेळा पाठवला, यावर वकील भरपूर कीस काढतात. आणि अमेरिकेतला वकील नोटीस घेऊन वर्ध्याच्या बजाज चौकात उतरण्याची शक्यताही कमीच. पण अकरा 'स्टॉप' आले होते, ते काही कोर्टाने पाठवले नव्हते.

फोन ज्याच्या खिशात, कायदा त्याच्या गावचा

इथेच बहुतेकांची गल्लत होते. आपण वर्ध्यातून पाठवतोय, तेव्हा आपल्याला वर्ध्याचे नियम, असं वाटतं. पण मेसेज जिथे वाजतो तिथला नियम पाळावाच लागतो. आणि प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी.

अमेरिकेत जाहिरातीचा मेसेज ग्राहकाच्या घड्याळाप्रमाणे सकाळी ८ ते रात्री ९ याच वेळेत. फ्लोरिडा राज्य आणखी कडक, तिथे रात्री ८ नंतर नाही, आणि एकाच विषयावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा नाही. सॉफ्टवेअरमधून ढिगाने जाहिरात पाठवायची तर आधी लेखी होकार हवा. वेबसाइटवरची टिचकी चालते, पण ती ग्राहकाने स्वतः मारलेली हवी. ग्राहक 'स्टॉप' म्हणाला की थांबायचं. एप्रिल २०२५ पासून तर त्याने 'बास करा', 'नको' असं कुठल्याही समजेल अशा शब्दांत सांगितलं तरी चालतं, आणि जास्तीत जास्त दहा कामकाजी दिवसांत ते पाळावं लागतं.

शिवाय तिथल्या मोबाइल कंपन्यांचा स्वतःचा पहारा आहेच. साध्या दहा आकडी नंबरावरून सॉफ्टवेअरने मेसेज पाठवायचे तर आधी नोंदणी. तुम्ही कोण, काय पाठवणार, नमुना मेसेज दाखवा, होकार कसा घेतला ते सांगा. ३१ ऑगस्ट २०२३ पासून नोंदणी नसलेले असे मेसेज वाटेतच अडवले जातात. त्यामुळे 'अमुक हजारात अमेरिकेला एक लाख एसेमेस' असं पॅकेज कुणी गळ्यात मारायला आला, तर त्याला चहा पाजा आणि निरोप द्या. या कंपन्यांच्या अडवायच्या यादीत दारू आणि तंबाखूच्या जाहिरातीही येतात. हे ऐकून मावसभाऊ मात्र निवांत झाला. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी. "ते कलम आपण पहिलेच पाळून राहिलो!"

कॅनडाने २०१४ च्या १ जुलैपासून लागू केलेला कायदा जगातल्या कडक कायद्यांपैकी एक. कंपनीला एका उल्लंघनासाठी १ कोटी कॅनेडियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. पण तिथे एक व्यवहारी सोयही आहे. ग्राहकाने खरेदी केली की दोन वर्षं त्याचा होकार गृहीत धरता येतो. त्यानंतर पुन्हा विचारा. ऑस्ट्रेलियाचा स्पॅम अॅक्ट २००३चा. होकार घ्या, आपली ओळख द्या, बाहेर पडायचा रस्ता द्या आणि कुणी बाहेर पडला तर पाच कामकाजी दिवसांत नाव काढा. मेसेज परदेशातून आला म्हणून सूट नाही. ब्रिटनमध्ये आधी खरेदी केलेल्या ग्राहकाला तशाच मालाबद्दल कळवता येतं, पण नंबर घेतानाच आणि नंतर प्रत्येक मेसेजमध्ये 'नको' म्हणायची सोय दिलेली असली पाहिजे.

सिंगापूरची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. २०२१ च्या अखेरीस तिथल्या ओसीबीसी बँकेच्या नावाने खोटे एसेमेस गेले. फोनमध्ये ते बँकेच्या खऱ्या मेसेजांच्याच रांगेत जाऊन बसले, कारण पाठवणाऱ्याचं नाव तेच होतं. सुमारे ७९० ग्राहकांनी मिळून १ कोटी ३७ लाख सिंगापूर डॉलर गमावले. मग सरकारने नियम केला. ज्याला नंबराऐवजी नाव दाखवून एसेमेस पाठवायचा आहे त्याने आधी ते नाव नोंदवायचं. नाहीतर ३१ जानेवारी २०२३ पासून मेसेजच्या माथ्यावर शिक्का पडतो, 'बहुधा फसवणूक'. नोंदणीसाठी सिंगापूरचा व्यवसाय क्रमांक लागतो. वर्ध्याच्या दुकानाकडे तो असणार कुठून? म्हणजे आपल्या दुकानाचं सुंदर नाव टाकून शुभेच्छा पाठवाव्यात, आणि ग्राहकाला वर दिसावं, 'बहुधा फसवणूक'!

आणि आखात. दुबई-अबुधाबीत जाहिरातीच्या मेसेजमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाआधी 'एडी' लावावं लागतं, सौदीत नावानंतर. एडी म्हणजे अॅडव्हर्टाइजमेंट. आपल्याकडे मात्र मेसेजवर पुढे 'एडी' दिसलं की अर्थ निराळा, एअरटेल आणि दिल्ली! एकच दोन अक्षरं, समुद्र ओलांडला की अर्थ बदलतो.

आपलं घर काय सांगतं?

आता तुम्ही म्हणाल, परदेशातले लोक फारच नाजूक. तसं नाही. आपल्याकडेही हे सगळं आहे, फक्त आपण त्याच्याकडे ग्राहक म्हणून बघतो, पाठवणारे म्हणून नाही.

कॉलेजातले दिवस आठवा. २००७ मध्ये 'डू नॉट कॉल' यादी आली. जाहिरातींचा पूर तरी ओसरेना, तेव्हा २७ सप्टेंबर २०११ पासून ट्रायने एका सिमवरून दिवसाला १०० एसेमेसची मर्यादाच घातली. प्रेमात पडलेल्या अर्ध्या महाराष्ट्राने तेव्हा ट्रायला शिव्या घातल्या होत्या! (पुढे ती २०० झाली.) दिवाळी आणि न्यू इयरला एसेमेस पॅक चालायचे नाहीत, म्हणून आपण आदल्या दिवशीच 'अॅडव्हान्समध्ये' शुभेच्छा पाठवून पैसे वाचवायचो.

मग २०१८ चे नियम आले. व्यावसायिक मेसेज पाठवणाऱ्याने स्वतःची, मेसेजवर दिसणाऱ्या नावाची आणि मजकुराच्या साच्याचीसुद्धा नोंदणी करायची. साचा जुळला नाही तर मेसेज पुढे जाणार नाही. ८ मार्च २०२१ ला ही गाळणी खरोखर लावली आणि देशभर ओटीपीच येईनात. बँका, तिकिटं, सगळंच अडकलं. ट्रायला काही दिवस गाळणी काढून ठेवावी लागली. कारण सोपं होतं, कंपन्यांनी साचे नीट नोंदवलेच नव्हते.

आज तुमच्या फोनमधला मेसेज नीट बघा. पाठवणाऱ्याच्या नावामागे एक अक्षर दिसेल. 'पी' म्हणजे जाहिरात, 'एस' म्हणजे सेवा, 'टी' म्हणजे व्यवहार, 'जी' म्हणजे सरकारी. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीतून ही सोय आली. नको असलेल्या मेसेजची तक्रार १९०९ वर करता येते. आणि ज्यांनी नोंदणीच केली नाही, साध्या सिमवरून जाहिरातींचा मारा चालवला, त्यांच्याविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या की कारवाई. पहिल्या वेळी पंधरा दिवस त्या नंबरावरून बाहेर काहीच जात नाही. पुन्हा केलं तर वर्षभरासाठी जोडणीच बंद.

म्हणजे मावसभावाने तेच अॅप वापरून हाच मेसेज नागपूर-अमरावतीच्या ४३ जणांना पाठवला असता, तरी तो गोत्यातच आला असता. अमेरिकेने त्याला फक्त लवकर सांगितलं.

मग व्हॉट्सअॅप? त्याचाही पहिला प्रश्न हाच होता. पण तिथेही ग्राहकाचा होकार लागतोच. आणि धंद्यासाठीचे जाहिरातीचे मेसेज अमेरिकन नंबरांवर पोचवणं मेटाने नेमकं १ एप्रिल २०२५ पासून थांबवलं. पाडव्यानंतर दोनच दिवसांनी. "एप्रिल फूल करून राहिला का दादा?" नाही रे बाबा.

सत्तर अक्षरांत मराठी

आणखी एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. इंग्रजी एसेमेसमध्ये १६० अक्षरं मावतात. देवनागरीत फक्त ७०. आणि काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडायचं चिन्ह, प्रत्येक वेगळं मोजलं जातं. 'गुढीपाडव्याच्या हार्दिक शुभेच्छा' या तीन शब्दांतच ३२ जागा संपतात! उरलेल्या ३८ मध्ये तुमचं नाव, निरोप आणि 'नको असल्यास कळवा' एवढं बसवायचं. नाहीतर मेसेजचे दोन तुकडे, आणि पैसेही दुप्पट.

म्हणून लोक आधी काय कापतात? 'नको असल्यास कळवा'. मावसभावानेही तेच कापलं होतं. सूट ठेवली, सुटका काढली.

आणि मग ऑगस्ट

खरं तर हा लेख इथेच संपला असता. चूक झाली, माफी मागितली, अॅप काढून टाकलं. पण ऑगस्टमध्ये जे झालं त्यामुळे मी हे लिहितोय.

त्या एडिसनच्या ताई ऑगस्टमध्ये पुन्हा दुकानाच्या वेबसाइटवर आल्या. घरात बाळ झालं होतं. लेबर डेच्या लाँग वीकेंडला बारसं. चार दुपटी मागवली. मावसभावाने खास निवडून, दोनदा धुऊन, टपालाने पाठवली.

आणि नेमकं त्याच आठवड्यात गाडी रुळावरून घसरली. अमेरिकेने छोट्या पार्सलांवरची करमाफी २९ ऑगस्टपासून काढून टाकली. कर कोण गोळा करणार, कसा भरणार, काहीच स्पष्ट नव्हतं. विमान कंपन्या पार्सलं घेईनात, आणि भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक टपाल बुकिंग थांबवली. दुपटी मुंबईतच अडकली.

मावसभावाने ताबडतोब ताईंना एसेमेस केला. उत्तर नाही. व्हॉट्सअॅप केलं, एकच टिक. फोन लावला, लागेना. ईमेल पाठवलं, ते 'प्रमोशन्स'च्या टॅबमध्ये जाऊन पडलं आणि बारशानंतर सापडलं.

कारण उघड होतं. मार्चमध्ये त्या रात्री ताईंनी त्याचा नंबर ब्लॉक केला होता. आणि ऑगस्टमध्ये ऑर्डर देताना हे त्यांच्या लक्षातही नव्हतं.

आता पुढचं ऐका. बाळाची आजी, तीच गावी एकटी राहणारी, २८ ऑगस्टला नागपूरहून निघाली होती. लेकीच्या बारशालाच. आजी राहते कुठे, तर हिंगणघाटला. दुकानापासून तासाभराच्या अंतरावर! निरोप वेळेत पोचला असता, तर मावसभाऊ स्वतः बाइकवर जाऊन दुसरी चार दुपटी आजीच्या हातात देऊन आला असता. आजीच्या बॅगेतून ती सातासमुद्रापार गेली असती, कर नाही आणि टपाल नाही.

सप्टेंबरमध्ये ताईंनी स्वतः फोन केला. सुरुवातीला चिडलेल्या होत्या. "पार्सल अडकलं तर एक मेसेज तरी करायचा ना!"

"ताई, केला होता. दोनदा. फोन पण लावला."

पलीकडे शांतता. मग हळूच, "अगं बाई. मीच तर..."

दोघंही बराच वेळ काही बोलले नाहीत म्हणे.

इतके सगळे नियम मी वाचले, पण त्यांचा खरा अर्थ मला या फोनमध्ये कळला. आपल्याला वाटतं, हे कायदे ग्राहकाला आपल्यापासून वाचवायला केले आहेत. ते आहेतच. पण ते आपला निरोप आपल्यापासून वाचवायलाही आहेत. ग्राहकाचा फोन म्हणजे त्याच्या घराचं दार. नको तेव्हा वाजवलंत की ते बंद होतं, आणि मग घराला आग लागली आहे हे सांगायला गेलात तरी बंदच राहतं. 'पार्सल अडकलंय' आणि '१५ टक्के सूट' हे दोन निरोप कायदा वेगवेगळ्या खणांत ठेवतो, पहिल्याला सैल सोडतो, दुसऱ्याला आवळतो. पण ब्लॉकचं बटण दाबणारं बोट असा फरक करत नाही.

पाठवण्याआधी

मावसभावाने आता दुकानात टेबलासमोर एक कागद चिकटवला आहे. तुमचाही असाच काही उद्योग असेल, साइड बिझनेस असेल, किंवा ऑफिसात 'क्लायंटला जरा एसेमेस ब्लास्ट मारू' असं कुणी म्हणत असेल, तर जसाच्या तसा घ्या.

एक, विचारलं का? नंबर मागताना दोन वेगळे चौकोन ठेवा. 'पार्सलबद्दल कळवा' आणि 'नवीन मालाबद्दल कळवा'. दुसरा चौकोन आपण भरून ठेवायचा नाही.

दोन, लिहून ठेवलं का? कुणी, कधी, कशाला होकार दिला, याची तारखेसकट नोंद. भांडण झालं तर हीच वही कामाला येते.

तीन, तिकडे किती वाजले? आपलं घड्याळ नाही, त्यांचं. न्यू यॉर्क उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा.

चार, आपण कोण ते सांगितलं का? पहिल्याच ओळीत दुकानाचं नाव.

पाच, बाहेरचं दार ठेवलं का? आणि कुणी 'नको' म्हणालं तर त्याच दिवशी नाव काढा. कायदा दहा दिवस देतो म्हणून दहा दिवस घेऊ नका.

सहा, देश कोणता? तिथे नाव नोंदवावं लागतं का? माहीत नसेल तर पाठवू नका. ईमेल आहे, वेबसाइट आहे, आणि जुन्या पद्धतीने पार्सलमध्ये घातलेलं हाताने लिहिलेलं कार्ड तर कुठल्याच कायद्यात अडकत नाही.

टपाल खात्याची अमेरिकेची सेवा १५ ऑक्टोबर २०२५ ला पुन्हा सुरू झाली. त्याआधी मावसभावाने ४३ ग्राहकांना ईमेल करून विचारलं होतं, मेसेज चालेल का, आणि चालणार असेल तर कशाबद्दल. १९ जणांनी होकार दिला. शनिवारी, १८ ऑक्टोबरला, धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आठ वाजता त्याने त्या १९ जणांना मेसेज केले. एकेकाला, नाव घालून, हाताने. १९ मेसेजला सॉफ्टवेअर कशाला लागतं? न्यू जर्सीत तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. जे कॅलिफोर्नियात होते त्यांच्यासाठी तो रात्री साडेनऊपर्यंत थांबला, कारण तिथे आठ वाजता उजाडायचं नुकतंच संपत होतं.

एडिसनच्या ताईंना त्याने मेसेज केला नाही. त्या १९ मध्ये त्यांचं नाव नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांचाच आला. अनब्लॉक केल्याचं सांगणारा, चार दुपटी पुन्हा मागवणारा, आणि शेवटी एक ओळ. "मेसेज करत जा, पण आमच्या सकाळी."

मला फोन करून त्याने तो वाचून दाखवला. मग म्हणाला, "दादा, हा लेखी होकार पकडायचा न?"

पकड रे बाबा. आणि तारीख टाकून ठेव.